फ्रिजवरचे सत्तावीस नियम नऊ दिवसांत संपले, आता नेमकं काय पाळू?

थकलेला_चाळिशीवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ४४, काम दिवसभर बसून, व्यायाम म्हणाल तर जिन्याकडे बघून लिफ्टचं बटण दाबणे. मागच्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये बीपी १३८/८८ निघालं. डॉक्टर म्हणाल्या गोळी एवढ्यात नको, खाणंपिणं आणि सवयी बदला, तीन महिन्यांनी परत दाखवा. सवयी बदला म्हणजे नेमकं काय करू हे मी विचारेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत येऊन बसला पण होता.

मग काय, घरी येऊन व्हिडिओ बघायला बसलो. शंभरी गाठायची तर हे खा, हे सात पदार्थ विष आहेत वगैरे. चार रात्री जागून (हो, 'झोप नीट घ्या'चा व्हिडिओ रात्री दीड वाजता बघितलाय) यादी केली, सत्तावीस नियम झाले, प्रिंट काढून फ्रिजवर लावली. त्यात एक म्हणतो फळं फक्त सकाळी उपाशीपोटी, दुसरा म्हणतो उपाशीपोटी अजिबात नाही, तिसरा म्हणतो फळंच नकोत, सगळी साखर आहे. पाणी जेवणाआधी अर्धा तास, नंतर एक तास, मध्ये घोटभर पण नाही. घास बत्तीस वेळा चावायचा. मी मोजून चावत होतो तर मुलगी म्हणाली बाबा तुम्ही जेवताय की पाढे म्हणताय.

नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी ऑफिसात उशीर झाला, बाहेरून मागवून खाल्लं, सत्तावीसपैकी एकोणीस नियम एका बैठकीत मोडले आणि मग उरलेल्या आठांचं काय घेऊन बसायचं म्हणून ते पण सोडले.

तर प्रश्न असा की तुम्ही स्वतः वर्ष-दोन वर्षं पाळलेली आणि आता वेगळी आठवण ठेवावी लागत नाही अशी एखाद-दुसरी सवय सांगा. पावडरी, गोळ्या, डिटॉक्स नको, व्हिडिओ तर मुळीच नको. मला शंभर वर्षं जगायचं नाहीये, पण ७५व्या वर्षी स्वतःच्या बुटांची नाडी स्वतः बांधता आली पाहिजे एवढीच अपेक्षा आहे.

मोजपट्टी

बीपी तसं आहे ना, मग बाकीचे सव्वीस राहू द्यात आणि मिठापासून सुरू करा. मीठ कमी करा असं नुसतं म्हणून काही होत नाही कारण आपण किती खातो हेच कोणाला माहीत नसतं, ज्याला विचाराल त्याला वाटतं आमच्याकडे तर अळणीच असतं.

मी एक उद्योग केला. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख टाकली. संपली त्या दिवशी दुसरी तारीख. झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात सगळं आलं. चार माणसांचे २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस पुरायला पाहिजे. आमची ३१ दिवसांत खलास! माणशी ८ ग्रॅम, आणि ह्यात बिस्किटं, पाव, सॉस, वेफर्स, बाहेरचं जेवण काहीच धरलेलं नाही. उकळलेलं पाणी ओतून देतो त्यात थोडं जातं, भांड्याला राहतं ते वेगळं, त्यामुळे आकडा काटेकोर नाही, पण आपण साधारण कुठे आहोत ते कळतं.

मग दोनच गोष्टी केल्या. बरणीतला मोठा चमचा काढून घरातला सगळ्यात छोटा चमचा टाकला, कारण 'अंदाजे' मीठ घालताना आपला अंदाज चमच्याएवढाच असतो. आणि जेवायच्या टेबलावरची मिठाची डबी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. बंदी नाही, पाहिजे तर उठा आणि घ्या. उठायचा कंटाळा हा माणसाचा सगळ्यात भरवशाचा गुण आहे. पहिले दोन आठवडे सगळ्यांची कुरकुर, महिनाभराने जीभ सरावली, आता उलट बाहेरचं खाल्लं की खारट लागतं आणि रात्रभर पाणी पीत बसावं लागतं.

शेवटचा_बाक

माझे पणजोबा ९४ वर्षं जगले, रोज सिगरेट, वरून मीठ घेतल्याशिवाय घास नाही, व्यायाम म्हणजे कूस बदलणे. काही होत नाही हो, लिहून आणलेलं असतं. 😄

शंकासुर

बाकसाहेब, असे पणजोबा प्रत्येकाच्या घरात का असतात सांगू का, कारण जे ५५ला गेले त्यांचे किस्से सांगायला कोणी बसत नाही. नोंद असलेलं सगळ्यात मोठं आयुष्य फ्रान्सच्या झान काल्मां बाईंचं, १२२ वर्षं १६४ दिवस, १९९७ साली गेल्या, आणि त्या कित्येक वर्षं सिगरेट ओढायच्या. म्हणून सिगरेटने आयुष्य वाढतं का? ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांची ५० वर्षं नोंद ठेवली, त्यात जन्मभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे, साठीला सोडली तरी साधारण ३ वर्षं परत मिळत होती, पन्नाशीला सोडली तर ६, चाळिशीला ९ आणि तिशीत सोडली तर जवळपास सगळीच. त्यामुळे धागाकर्ते, तुम्ही ओढत असाल तर मीठबीठ नंतर, हे आधी.

आणि ते 'शंभरी गाठणारी गावं' वाले व्हिडिओ बघितले असतील तर जरा दमानं घ्या. जपानचं ओकिनावा, इटलीचं सार्डिनिया, ग्रीसचं इकारिया, कोस्टा रिकातलं निकोया, कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा, ही ती पाच नावं. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने वयाच्या नोंदीच तपासायला घेतल्या आणि म्हणाला की अतिवृद्ध लोक जास्त तिथेच दिसतात जिथे जन्माच्या नोंदी कच्च्या आणि गरिबी जास्त. २०२४चं इग नोबेल (आधी हसू येईल आणि मग विचार करायला लावेल अशा संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस) मिळालं त्याला ह्याबद्दल. जपानमध्ये २०१० साली टोकियोतला १११ वर्षांचा म्हणून नोंद असलेला माणूस ३० वर्षांपूर्वीच गेलेला निघाला, घरच्यांनी कळवलंच नव्हतं, मग देशभर कागद तपासले तर शंभरी पार केलेल्या दोन लाख तीस हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागेना. ते कागदावर जिवंत होते. ह्या पाच जागांची बाजू घेणारे म्हणतात आमच्या नोंदी आम्ही तपासल्यात, तो वाद चालू आहे.

आता गंमत अशी की नोंदी खोट्या निघाल्या तरी तिथल्या लोकांच्या सवयी वाईट ठरत नाहीत. भाज्या, कडधान्यं, चालणं, पोट थोडं रिकामं ठेवून उठणं, ह्याला आधार द्यायला ती गावं लागतच नाहीत, दुसरीकडे भरपूर पुरावा आहे. फक्त तिकडचं अमुक कंद नाहीतर तमुक तेल मागवून खाल्लं की आपण पण शंभर, ह्या नादाला लागू नका.

थकलेला_चाळिशीवाला

सिगरेट नाही ओढत, तेवढी एकच गोष्ट धड आहे. मोजपट्टीताई, पिशवीचं फार आवडलं, आजच तारीख टाकतो. घरात मीठ कधी आणलं होतं विचारलं तर कोणालाच आठवेना. एक शंका, ते कमी सोडियमवालं मीठ मिळतं ते आणू का? आणि गुलाबी मीठ?

मोजपट्टी

गुलाबी म्हणा नाहीतर काळपट म्हणा, मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंग बघून बीपी उतरत नाही. कमी सोडियमवाल्यात थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घालतात आणि त्याचा फायदा खरंच दिसलाय, चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर पाच वर्षं करून बघितलं, आधी स्ट्रोक येऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले लोक होते, त्यांच्यात स्ट्रोकचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी कमी झालं (२०२१ साली छापून आलं). पण घरात कोणाला किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम अंगात साठून हृदयाला धोका होतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिशवी घरात आणू नका. आमच्याकडे सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे म्हणून आम्ही साधंच वापरतो, फक्त कमी.

जिना_दोन_मजले

चालण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ह्यांची तुलना केली होती. एकच बस, एकच शहर, पगार-राहणीमान पण साधारण सारखं, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली जिना चढतोय. हृदयविकार कंडक्टर लोकांत बराच कमी. नंतर लोकांनी शंका काढल्या की ड्रायव्हर मुळातच जाडे होते, युनिफॉर्मच्या पॅंटचे कमरेचे माप बघून त्यांनीच ते तपासलं, फरक होता पण तेवढ्याने सगळा हिशोब लागत नव्हता.

हे वाचलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आपण ड्रायव्हरची नोकरी करतो पण कंडक्टरसारखं वागायचं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, म्हणजे माझ्यापुरती बंद. सामान असलं तरी बंद. पहिल्या महिन्यात पहिल्या मजल्यावर थांबून फोन बघतोय असं नाटक करायचो, शेजारी जात असले की. आता धाप लागत नाही.

दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका. तो आकडा १९६५च्या सुमारास एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं, जाहिरात होती ती. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या जवळपास १७ हजार बायकांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बऱ्यापैकी कमी होतं आणि साडेसात हजाराच्या आसपास फायदा सपाट झाला. म्हणजे जो काहीच चालत नाही त्याने थोडं चाललं की सगळ्यात जास्त मिळतं. माझं एकच ठरलेलं आहे, रात्री जेवण झालं की ताट उचलून चप्पल घालायची आणि १५ मिनिटं चक्कर. जेवल्यावर लगेच चाललं की रक्तातली साखर कमी चढते. मुख्य म्हणजे सोफ्यावर बसायच्या आधी निघायचं, एकदा बसलो की संपलं.

बिनसाखरेचा

फळांवरून गोंधळ झालाय तो जरा निस्तरतो. फळ चावून खा, कधीही खा, सकाळी दुपारी मध्यरात्री. अख्ख्या फळातली साखर आणि रसातली साखर एकाच खात्यात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे तो वरून घातलेल्या साखरेबद्दल, आणि मध, सरबतं, फळांचा रस हे पण त्यातच येतात. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास असते, एका कॅनमध्येच दिवस संपला.

मी चहातली साखर सोडली ती एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी. दोन चमच्यांवरून शून्यावर यायला चार महिने लागले. एकदम सोडणारे ऑफिसातले तिघे महिन्याभरात परत दोन चमच्यांवर आले, मी गोगलगाय पोचलो.

आणि बत्तीस वेळा चावायचं सोडा पण तुम्ही भराभर जेवता का ते बघा. पोट भरल्याचा निरोप वर पोचायला साधारण २० मिनिटं लागतात आणि आपलं ताट सात मिनिटांत साफ असतं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल ह्यांनी २० जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं तयार पाकीटबंद छापाचं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं, पाहिजे तेवढं खा म्हणून. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच ठेवला होता, तरी तयार खाण्यावर लोक दिवसाला ५०० कॅलरी जास्त खात होते आणि खायचा वेग पण जास्त होता. मऊ असतं ना सगळं, चावायला लागतच नाही. म्हणून मी ताटात एक तरी कच्ची, कुडूमकुडूम चावायची गोष्ट ठेवतो, ती आपोआप वेग कमी करते, मोजायची भानगड नाही.

रात्रपाळी

आरोग्याचं म्हटलं की सगळीकडे जेवणाच्या वेळा आणि सकाळचं ऊन सांगतात, छान आहे, पण माझी आठवड्यातले चार दिवस रात्रपाळी असते, मी सकाळी सातला जेवतो आणि आठला झोपतो. असले धागे वाचले की वाटतं आपण तर आधीच नापास. कोणी 'लवकर नीजे' म्हणू नका प्लीज, मारेन.

सात वर्षांत हाती लागलेलं एवढंच की मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते ती लागतेच, ती कुठल्या वेळेला हे आपल्या हातात नसलं तरी खोली किती काळोखी हे आहे. खिडकीला जाड काळा कपडा लावला, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, घरच्यांना सांगून ठेवलंय की दार वाजवायचं तर आग लागली असली तरच. आणि कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्यातच. कॅफीनचा अर्धा अंमल उतरायलाच पाचेक तास जातात, मी पहाटे चारला घ्यायचो आणि मग आठला छताकडे बघत पडायचो आणि म्हणायचो मला निद्रानाश आहे. निद्रानाश कसला, कॉफी होती ती.

धागाकर्ते, रात्री दीड वाजता आरोग्याचे व्हिडिओ बघण्यापेक्षा बारा वाजता काहीही न बघता झोपला असता तर सत्तावीसपैकी एक तरी पाळला गेला असता. राग नको.

थकलेला_चाळिशीवाला

राग कसला, बरोबरच आहे. 🙏 हे वाचतोय तेव्हा १२:४० झालेत, ठेवतो.

दोन_पायांवर

मी फिजिओ आहे, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. तुम्ही ७५व्या वर्षी नाडी बांधायची म्हणालात ना, मग नाडी बांधायला काय लागतं त्याचा विचार करा. कमरेत वाकणं, एका पायावर तोल, मांडीत जोर. मीठ-साखर कमी करून रक्तवाहिन्या सांभाळल्या जातील पण मांडीचा स्नायू त्याने येत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू ३ ते ८ टक्के कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो, आणि वजनकाटा हे दाखवत नाही कारण स्नायूच्या जागी चरबी येऊन बसते, काटा तोच.

माझ्या आईचं सांगते. ६८ वर्षांची, रोज चालणारी, काहीही आजार नाही. ताप आला म्हणून बारा दिवस अंथरुणात होती. ताप गेला आणि बाई खुर्चीतून उठेना, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून, श्वास रोखून, दुसऱ्या की तिसऱ्या प्रयत्नात. मी लोकांना शिकवते आणि माझ्या घरात हे. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून बसवलं, म्हणजे उठायचं अंतर कमी झालं, हात छातीवर आडवे, पाच वेळा ऊठ-बस, दिवसातून तीनदा. आठवड्याने एक उशी काढली. तीन आठवड्यांनी दुसरी. सोबत प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडं, मासे, जे चालतं त्यातलं काहीतरी वाढवलं, कारण वय वाढलं की भूक कमी होते आणि पहिलं ताटातून प्रोटीन जातं. तरुणांना वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ ग्रॅम तरी हवं असं आता सांगतात (किडनीवाल्यांनी आपापल्या डॉक्टरांचंच ऐका). आता आई नुसती उठत नाही तर दात घासताना एका पायावर उभी राहते, बेसिनला हात टेकवून, सकाळी उजवा, रात्री डावा. ही सवय तुम्ही आजपासून घेऊ शकता, दात घासायचेच असतात.

आणि एक, जमिनीवर बसून हात-गुडघे न टेकता उठता येतंय का बघा. ब्राझीलच्या डॉक्टरांनी २०१२ साली ह्याचा अभ्यास छापला होता, ५१ ते ८० वयाच्या २ हजार लोकांत ज्यांना जास्त आधार लागायचा त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त होते. भविष्य सांगायला ही चाचणी वापरू नका, पण आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. पहिल्यांदा करताना शेजारी कोणीतरी असू द्या.

एकटादुकटा

वाचत होतो, थोडं आडवळणाचं लिहितो. वडील रिटायर झाले, आई गेल्यावर एकटे राहायला लागले. जेवण व्यवस्थित बनवायचे, साखर नाही, तळलेलं नाही, चालायला पण जायचे. तरी दोन वर्षांत उतरले. मी अचानक गेलो एकदा तर ओट्यापाशी उभे राहून कढईतूनच खात होते. ताट का नाही घेतलं विचारलं तर म्हणाले एका माणसासाठी काय ताट घ्यायचं.

हार्वर्डवाले १९३८ पासून काही लोकांच्या मागे लागलेत, आता त्यांची मुलं पण त्या अभ्यासात आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की पन्नाशीत ज्यांची नाती बरी होती ते ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले, त्या वयातल्या कोलेस्टेरॉलवरून एवढा अंदाज येत नव्हता. मला अभ्यासाचं फारसं कळत नाही पण कढई बघितलेली आहे. आता मी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावतो, फोन टेबलावर उभा करून ठेवतो, ते तिकडे जेवतात मी इकडे. बोलायला काही नसतं बऱ्याचदा, ते भाजीला नावं ठेवतात, मी ऑफिसला. पण ताट घेतात.

शेवटचा_बाक

हे वाचून आता मस्करी सुचेना. काकांना नमस्कार सांगा.

कफवाली

एक छोटी सूचना, कोणी बोललं नाही म्हणून. ऑफिसच्या गडबडीत घेतलेल्या एका बीपीवर जाऊ नका. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, कफ (मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा) उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला, आणि त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नाही. दोनदा घ्या, मिनिटभराच्या अंतराने. लघवी लागलेली असताना पण घेऊ नका, आकडा चढतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि तोच कागद डॉक्टरांना दाखवा, सांगायला तोंडी काही उरत नाही आणि पुढचा पेशंट आला तरी चालतो.

थकलेला_चाळिशीवाला

मंडळी, चार आठवड्यांनी हजेरी लावतोय.

पिशवीचा निकाल: एक किलो, तीन माणसं, २६ दिवस. भागाकार तीनदा केला, माणशी जवळपास १३ ग्रॅम येतात. बायको म्हणाली शक्यच नाही, मी मोजून घालते. मग दोन दिवस नुसतं बघितलं कोण कुठे घालतंय ते. ती खरंच मोजून घालते. चोर मी निघालो. मुलीने दाखवून दिलं, बाबा तुम्ही चव न बघताच वरून टाकता, कच्च्या काकडीवर, फळांच्या फोडींवर, शिजवलेल्या भाजीवर, आणि मीठ टाकल्यावर बोटं झटकता त्यात परत थोडं पडतं. हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. डबी आता ओट्यावर गेली आहे.

बाकी फक्त दोन गोष्टी धरल्यात, जेवणानंतरची चक्कर आणि दात घासताना एका पायावर. चक्करला मुलगी येते, त्यामुळे १५ मिनिटांची २५ होतात कारण तिला शाळेतलं सगळं तेव्हाच सांगायचं असतं. झोपेचं अजून काही खरं नाही. कॉफी दुपारनंतर बंद केली पण फोन काही दुसऱ्या खोलीत जात नाही.

रात्रपाळी

अलार्मसाठी लागतो म्हणत असाल. घड्याळ विकत घ्या.

थकलेला_चाळिशीवाला

तेच म्हणणार होतो. 😅

थकलेला_चाळिशीवाला

शेवटचं अपडेट, कोणी विचारत होतं म्हणून. दुसरी पिशवी ४१ दिवस गेली, म्हणजे माणशी ८ ग्रॅम. पाचवर नाही आलो पण तेरावर पण नाही. कफवाली म्हणाल्या तसं आठवडाभर लिहून काढलं, सरासरी १२९/८३ आली, डॉक्टरांनी कागद नीट वाचला, म्हणाल्या असंच चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी या. घड्याळ घेतलंय, टिकटिक फार करतं.

दोन_पायांवर ताई, जमिनीवरून हात न लावता उठणं अजून जमत नाही, डावा गुडघा मध्येच कटकन वाजतो. तो आवाज चालतो का?

दोन_पायांवर

दुखत नसेल, सूज नसेल, अडकत नसेल तर वाजू द्या. ह्यातलं काही असेल तर दाखवून घ्या. आणि एकदम जमिनीवरून नका करू, आधी कमी उंचीच्या स्टुलावरून, दोन आठवडे.